चेहऱ्यावरचं आणि पोटातलं

संध्याकाळची ठाणे-वाशी लोकल. ऐरोली सुटली तशी दारापाशी टेकलेल्या चार कॉलेजकुमारांपैकी एकाने ‘मोमो, मोमो’ असा सूर धरला. समोर ईशान्येकडची एक मुलगी बसली होती, मांडीवर हॉस्पिटलची फाइल. वाशीत आसाम भवन आहे, खारघरला टाटाचं कॅन्सर केंद्र. अशा फायली या गाडीत नेहमीच्या. तिने शांतपणे कानात इअरफोन घातले. त्यांची पिन कशालाच जोडलेली नव्हती. घणसोलीपर्यंत पोरांचा विषय बदलला. त्यांच्यातल्याच गुलाबी शर्टवाल्याला ‘ए छक्क्या’ म्हणून झालं. सगळे हसले, तोही हसला.

त्या चौघांत एखादा खरोखरच समलिंगी असता, तर त्याने काय केलं असतं? बहुधा सगळ्यात मोठ्याने हसला असता.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये हाच फरक मांडला होता: काही कलंक दिसतात, काही लपवता येतात. वंश चेहऱ्यावर असतो, त्यामुळे अपमान चुकवता येत नाही. पण घरी गेलं की आईबाप, भावंडं त्याच चेहऱ्याची. ‘आपल्याला लोक असं म्हणतात, तू लक्ष देऊ नकोस’ हे सांगणारं कुणीतरी असतं. समलिंगी मुलाला अपमान टाळता येतो, पण तो रोज टाळावा लागतो, आणि घर हीच सगळ्यात जोखमीची जागा. टीव्हीवर काही दिसलं की ‘काय थेरं एकेक’ म्हणणारी आई समोर वाढत असते.

आम्हा ठाणेकरांना एक विनोद जन्मापासून पुरलाय. कुणी विचित्र वागला की ‘ह्याला ठाण्याला पाठवा’. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पण ‘वेगळा म्हणजे वेडा’ हा समज काही फक्त गल्लीतला नव्हे. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने पळून जाणाऱ्या कृष्णवर्णीय गुलामांना ‘ड्रॅपेटोमेनिया’ नावाचा आजार जडवला. उपाय म्हणून चाबूकही सुचवला. पुढे १९५२ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत समलैंगिकता आली. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर यांनी ३० समलिंगी आणि ३० इतर पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि निकाल ओळख न सांगता तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण कुठला, हे तज्ज्ञांना ओळखता येईना. तरी यादीतून नाव निघायला १९७३ उजाडलं.

खरी गंमत ‘ते जन्मतःच तसे असतात’ या वाक्याची आहे. वंशाबद्दल असं मानणारी माणसं अभ्यासांत जास्त पूर्वग्रहदूषित निघतात. समलिंगी लोकांबद्दल मात्र, ‘हे बदलता येत नाही’ असं मानणाऱ्यांच्या मनात द्वेष कमी आढळतो. निक हॅस्लम आणि शेरी लेव्ही यांचा २००६ चा अभ्यास हेच दाखवतो. कारण दोन्हीकडे आरोपच वेगळा आहे. एकीकडे ‘यांचं रक्तच तसलं’, दुसरीकडे ‘हा मुद्दाम करतो’. त्यामुळे तेच वाक्य एकाला विष, दुसऱ्याला औषध. अर्थात औषधालाही मेख आहे: ‘ते आपल्याहून पूर्ण वेगळ्या जातकुळीचे’ असं वाटलं की समलिंगी लोकांबद्दलचा द्वेषही वाढतो.

जनुकं यातल्या कुणाचीच बाजू सरळ घेत नाहीत. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की माणसांतली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकेका समूहाच्या आतच असते. आणि २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या अभ्यासातून कळलं की लैंगिक कल ठरवणारं एकच असं जनुक नाही. प्रत्येकी चिमूटभर परिणाम करणारी पुष्कळ आहेत.

मूळच्या सिकंदराबादच्या मानसशास्त्रज्ञ महजरीन बानाजी आणि टेसा चार्ल्सवर्थ यांनी ४४ लाख चाचण्यांवरून २००७ ते २०१६ या काळातले अमेरिकनांचे नकळत असलेले कल मोजले. समलिंगी लोकांविरुद्धचा कल ३३ टक्क्यांनी घटला, वंशाचा १७. निम्माच का? मला वाटतं, कारण लपलेली गोष्ट कधीतरी आपल्याच घरात उघड होते. परका चेहरा आपल्या घरात जन्माला येत नाही. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ‘ओळख झाली की पूर्वग्रह घटतो का’ हे पाहणारे ५१५ अभ्यास एकत्र चाळले, तेव्हाही ओळखीपाळखीचा सर्वाधिक गुण समलिंगी लोकांबाबतच दिसला होता.

माझ्या नौपाड्यातल्या मावशीचा नातू दोन वर्षांपूर्वी घरात बोलला. मावशी आठवडाभर जेवली नाही धड. आता त्याचा मित्र गणपतीला येतो, त्याच्यासाठी वेगळे, कमी गुळाचे मोदक होतात. गेल्या महिन्यात तिच्या वरच्या खोलीसाठी दोन मुली विचारायला आल्या. नोकरीवाल्या, भाडंही आगाऊ द्यायला तयार. ‘बऱ्या होत्या रे,’ मावशी म्हणाली, ‘पण त्या मणिपूर का कुठल्या. त्यांच्या जेवणाला वास येतो म्हणतात.’

‘म्हणतात’ म्हणजे कोण, तेवढं मी विचारलं. तिला सांगता आलं नाही.