एफएन १९०६ की कोल्ट १९०८? '.२५ ब्राउनिंग' नेमकं कोणतं?

पुण्यात कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत, निवृत्त लष्करी घरांत आजोबांच्या परवान्यावर चढवलेलं एखादं तळहाताएवढं पिस्तूल असतं आणि नोंद असते नुसती '.२५ ब्राउनिंग'. तेवढ्यावरून ते कोणाचं हे कळत नाही. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन दोन कारखान्यांनी काढलं: बेल्जियममध्ये हर्स्टलच्या एफएननं (फाब्रिक नॅस्योनाल) १९०६ पासून आणि अमेरिकेत हार्टफर्डच्या कोल्टनं १९०८ पासून.

लांबी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, मॅगझिनमध्ये सहा काडतुसं, घोडाच नाही, त्याऐवजी आत स्प्रिंगवरची सुई (स्ट्रायकर), मुठीच्या मागे दाबायची ग्रिप सेफ्टी. इथवर दोन्ही सारखीच. काडतूसही एकच, युरोपात त्याला ६.३५ मि.मी. म्हणतात, अमेरिकेत .२५.

पहिली नजर डाव्या बाजूच्या सेफ्टीच्या खटक्यावर टाका. कोल्टला तो सुरुवातीपासून होता, एफएनच्या सुरुवातीच्या पिस्तुलांना नव्हता. म्हणजे खटका मुळातच नसेल तर कोल्ट बाद. असेल तर मात्र दोन्ही शक्यता उरतात, कारण एफएननं तो पुढे बसवला.

मग भिंग घेऊन स्लाइडची डावी बाजू वाचा. एफएनवर 'फाब्रिक नॅस्योनाल' आणि हर्स्टल, बेल्जियम अशी ओळ असते. कोल्टवर कंपनीचं नाव, हार्टफर्ड आणि पेटंटच्या तारखा, सोबत मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. बेल्जियमच्या पिस्तुलावर लिएज शहरात होणाऱ्या शस्त्रचाचणीचे बारीक ठसेही सापडतात: मुकुट आणि त्याखाली लंबगोलात ईएलजी. माझा सगळ्यात जास्त भरवसा या ठशांवर आहे. मुठीच्या पट्ट्यांवर 'एफएन' दिसलं म्हणून लगेच निकाल देऊ नका. दोन स्क्रू काढले की पट्ट्या बदलतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या नावासारख्या झिजून बोथट झाल्या असतील आणि वरचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) मात्र कोरं करकरीत असेल, तर पिस्तूल घासून पुन्हा रंगवलेलं आहे. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच उतरते.

एफएनचंच १९३१ चं बेबी ब्राउनिंग यात मिसळू नका. त्याला ग्रिप सेफ्टीच नाही. स्पेनच्या एइबार गावातही या बांध्याच्या ढीगभर नकला झाल्या, म्हणून आकारावरून ओळखणं सोडूनच द्या.

हे सगळं करण्याआधी मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा आणि चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा. मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी सोय कोल्टमध्ये १९१६ च्या सुमारास आली. त्याआधीच्या पिस्तुलात चेंबरमध्ये राहिलेली गोळी मॅगझिन नसतानाही सुटते. हात बसलेला नसेल तर हे काम परवानाधारक विक्रेत्याकडूनच करून घ्या.

'शंभर वर्षांचं आहे, अँटिक आहे, परवाना कशाला?' असं पुष्कळ जण म्हणतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. ही दोन्ही पिस्तुलं आजच्या काडतुसांवर चालतात, त्यामुळे परवाना लागतोच. वारसानं आलेलं असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयात अर्ज करताना कारखान्याचं नाव आणि क्रमांक पिस्तुलावर वाचून लिहा, जुन्या परवान्यावरून उतरवू नका.