आदी भायर, मगे आत

गेल्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पाऊस लागून आठवडा झाला होता. रात्री दहाच्या सुमाराला वाडीतल्या एका घरून फोन आला, "सिस्टर, आयेचो ऑक्सिजन नव्वद झालो हा, जरा येशात?"

मी पोचले तेव्हा काकी पडवीतल्या खाटेवर पुढे वाकून बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे कानांपाशी चढलेले, गळ्याच्या शिरा ताठ. मुलगा पाठीवर हात ठेवून एकच सांगत होता, "आये, मोठो श्वास घे. जोरान घे." सून कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरून उभी होती. भाड्यानं आणलेल्या कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या यंत्राची, कळ फिरवून मिनिटाला 5 लिटरवर नेलेली. काकींना सलग चार शब्द बोलवत नव्हते, तरी त्या थांबत थांबत मुलाला म्हणाल्या, "आदी भायर... जाव दी मां... मगे आत... घेतंय."

इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर मी खात्रीनं सांगते की त्या घरात त्या क्षणी आजाराचं बरोबर निदान फक्त काकींनी केलं होतं. सीओपीडीच्या पेशंटला श्वास आत घेता येत नाही असं आपल्याला बाहेरून दिसतं. खरं तर त्याला तो बाहेर सोडता येत नाही. नातेवाईक नेमके याच्या उलट ओरडत असतात. हा लेख त्यासाठी.

आधी आजाराबद्दल थोडं. सीओपीडी म्हणजे फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद होणं आणि हवेच्या बारीक पिशव्या, म्हणजे वायुकोश, फाटत जाणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 2021 या एका वर्षात जगात सुमारे 35 लाख माणसं यानं गेली. "पण आमच्या आईनं कधी विडीला हात लावला नाही," हे वाक्य मी कोकणात जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं होतं. जगातल्या सीओपीडीच्या पेशंटपैकी 25 ते 45 टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नाही, आणि यातलं मोठं कारण म्हणजे चुलीचा धूर. काकींची चूल चाळीस वर्षांची. पावसात दारं-खिडक्या बंद, लाकडं ओली, वर सोडणं, म्हणजे नारळाची सालं, आणि झावळ्या. गॅस आला तरी न्हाणीतली चूल तशीच राहिली, कारण आंघोळीच्या पाण्यावर कोणी सिलिंडर संपवत नाही. त्या धुराची मोजदाद छातीत होत राहते.

आता मूळ मुद्दा. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग, म्हणून जरा सावकाश सांगते.

श्वासनलिका झाडासारखी फुटत जाते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं सुमारे 23 वेळा. वरच्या जाड नळ्यांना कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, आधार असतो, त्या सहसा मिटत नाहीत. पण जेमतेम एक मिलिमीटरच्या आणि त्याहून बारीक नळ्यांना कूर्चा नसते. त्या अगदी मऊ. मग त्यांना उघडं कोण ठेवतं? आजूबाजूचे वायुकोश. मांडवाचं कापड जसं चहूबाजूंनी सुतळीनं ताणून बांधतात, तसे वायुकोशांचे लवचीक पडदे या नळ्यांना सगळीकडून ओढून धरतात. सीओपीडीत हे पडदे फाटतात. सुतळ्या तुटल्या की मांडव लोंबतो.

श्वास सोडताना काय होतं ते आकड्यांत बघू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत; दाब मोजायचं माप म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे सेंटीमीटर. निरोगी माणसानं जोरात श्वास सोडला की छातीची भिंत फुप्फुसांना बाहेरून, समजा, 20 नं दाबते. फुप्फुसाचा स्वतःचा आकसण्याचा ताण 10. म्हणजे वायुकोशात दाब झाला 30. तोंडाबाहेर शून्य. हवा वायुकोशापासून तोंडाकडे निघाली की दाब 30 वरून घसरत जातो. वाटेत एका जागी तो बरोबर 20 होतो. तिथे नळीच्या आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखा. या जागेला समदाब बिंदू म्हणू. 1967 साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेरे मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. त्या बिंदूच्या पुढे तोंडाच्या बाजूला बाहेरचा दाब जास्त, म्हणून नळी दबू लागते. पण निरोगी माणसात तोवर हवा कूर्चेच्या नळ्यांत पोचलेली असते, त्यामुळे फारसं बिघडत नाही.

काकींच्या फुप्फुसाचा ताण 10 ऐवजी 3 च उरलाय असं धरा. बाहेरून 20, आत 23. हवा जेमतेम तीन एकक घसरली की समदाब बिंदू आला, आणि तो आला मऊ नळ्यांच्या राज्यात. त्याच्या पुढची नळी चपटी. मागची हवा कोंडली.

मग आणखी जोर लावला तर? बाहेरून 40 दाबलं, आत झाले 43. फरक पुन्हा 3 चाच. जितक्या जोरानं तुम्ही हवा ढकलता तितक्याच जोरानं तुम्ही स्वतःच नळी आवळता. एका मर्यादेपुढे जोर वाढवून प्रवाह वाढत नाही, ही गोष्ट मी नर्सिंगला असताना पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची सगळी धडपड डोळ्यांपुढे आली.

अजून एक हिशेब. मिनिटाला 30 श्वास म्हणजे एका श्वासाला दोन सेकंद, त्यातला सोडायला एक-सव्वा सेकंद. काकींच्या हवेला बाहेर पडायला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला थोडी हवा आत शिल्लक. पाच-दहा मिनिटांत छाती टम्म. खालचा पडदा, म्हणजे श्वासपटल, घुमटासारखा असायला हवा तो सपाट होतो, आणि सपाट झालेल्या स्नायूला ओढायला जागाच उरत नाही. भरलेल्या कळशीत आपण वरून पाणी ओतत असतो, आणि मुलगा ओरडत असतो, "मोठो श्वास घे."

यावरचा उपाय पेशंटना बऱ्याचदा आपोआप सापडतो: ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडणं. फुंकरीनं काय साधतं ते माडांना पाणी देणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. जुना मऊ पाईप वाटेत चपटा पडतो. त्याच्या तोंडाशी अंगठा अर्धवट धरला की मागे विहिरीपर्यंत पाईप टरारून फुगतो. ओठ म्हणजे तो अंगठा. पुन्हा आकडे घ्या. हळू सोडताना छाती बाहेरून फक्त 4 नं दाबते, ताण 3, आत झाले 7. ओठांच्या मागे 5 चा दाब राहिला. वायुकोशापासून ओठांपर्यंत दाब 7 वरून 5 वर आला, म्हणजे वाटेत कुठेही तो बाहेरच्या 4 च्या खाली गेला नाही. समदाब बिंदू ओठांवर येऊन पोचला. तिथे मिटायला मऊ नळीच नाही! शिवाय फुंकर लांबते, श्वासांची संख्या कमी होते आणि कोंडलेली हवा निघून जायला वेळ मिळतो. औषध नाही, यंत्र नाही, खर्च नाही. इतकं देखणं भौतिकशास्त्र मला दुसरीकडे क्वचित दिसतं.

फुंकर मात्र जोरात मारायची नाही, गाल फुगवायचे नाहीत. हे शब्दांत सांगितलं तर पेशंटला समजत नाही, असा माझा अनुभव. काकींना मी चुलीची भाषा सांगितली, कारण फुंकणी त्यांच्या हातात चाळीस वर्षं होती. म्हटलं, "काकी, निखारो फुलूक होयो, पण राख उडूक नये. तितकीच फुंकर." त्यांनी मान हलवली आणि पहिल्या खेपेला बरोबर केलं. नाकानं दोन अंकांपर्यंत आत, ओठांनी चार अंकांपर्यंत बाहेर.

ऑक्सिजनच्या कळीबद्दल सांगायलाच हवं. कोरोनानंतर घराघरांत ऑक्सिमीटर आले, ते बरंच झालं; पण सगळ्यांचा आकडा 98 च हवा, ही समजूतही त्यांच्याबरोबर आली. सीओपीडीच्या ज्या पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी 88 ते 92 हेच लक्ष्य धरतात. कारण असं. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. ऑयलर आणि लिल्येस्ट्रान्ड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी 1946 मध्ये मांजरांवर हे दाखवलं. बाहेरून भरपूर ऑक्सिजन दिला की त्या वाहिन्या पुन्हा उघडतात आणि रक्त बिनकामाच्या भागात जातं, कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत येतं. त्यातच ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन आपल्याजवळचा कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. पेशंट गुंगतो, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, झोप लागली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात 405 पेशंटवर एक चाचणी झाली, ती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णवाहिकेत सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्या गटात 9 टक्के पेशंट दगावले, मोजूनमापून दिलेल्या गटात 4 टक्के. न्यूमोनिया किंवा साध्या दम्याचं गणित वेगळं, तिथे 94 च्या वर लागतो. म्हणून कळ डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आकड्यावरच ठेवायची, शेजाऱ्याच्या सल्ल्यावर नाही.

पुरचुंडीचं तर काहीच नाही. ती हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे मेसेज कोरोनात फिरत होते. कापराच्या वासानं नाकाला गार वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. ज्या घरात लहान मूल आहे तिथे कापूर हाताशी ठेवूच नये. पोटात गेला तर मुलाला झटके येतात. ज्यांनी तेव्हा हे मेसेज पुढे पाठवले त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं, पण पुरचुंडी हुंगण्यात गेलेले तास परत येत नाहीत.

"पंपाची सवय लागते" या समजुतीवर मी रोज बोलते. पंप म्हणजे तोंडात औषधाचा फवारा मारायचा इनहेलर. श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची. म्हणजे एक गोळी 20 ते 40 फवाऱ्यांएवढी, आणि ती सगळ्या अंगभर फिरून मग थोडीशी छातीत पोचते. हात थरथरतात, छाती धडधडते, ते त्यामुळे. सवय लागण्याची भीती वाटून लोक गोळी पसंत करतात, हे मला फार लागतं. पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावूनच घ्यावा, नाहीतर औषध बरंचसं घशातच बसतं. स्पेसर नसेल तर? केप टाउनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये मुलांवर दाखवून दिलं की 500 मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून त्यात पंप बसवला आणि भोवतालची फट नीट बंद केली, तर ती विकतच्या स्पेसरइतकीच चालते.

त्या रात्री मी काय केलं? गाडी बोलावली. एक वाक्य पुरं करता न येणं हे घरी थांबायचं लक्षण नव्हे. ओठ निळे पडणं, गुंगी, असंबद्ध बोलणं हीसुद्धा नाही. पाऊस धो धो होता, गाडी यायला वेळ होता. काकींच्या पुढ्यात स्टूल ठेवून त्यावर दोन उशा रचल्या आणि त्यांना कोपर टेकून ओणवं बसवलं. हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि छातीचे स्नायू हात उचलायचं सोडून बरगड्या उचलायला मोकळे होतात; त्या गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या ते याचसाठी. कळ डॉक्टरांच्या कागदावर होती तशी 1 लिटरवर आणली. लिहून दिलेले फवारे स्पेसरमधून एकेक करून दिले. पुरचुंडी बाहेर, पडवीचं एक दार उघडं. मग घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा मोह होतो, तो टाळावा. 34 होते. निखारा, राख, निखारा, राख, असं त्यांच्याबरोबर मीही फुंकत राहिले. गाडीचा दिवा रस्त्यावर दिसला तेव्हा 26 झाले होते. बेडका हिरवा पडला होता, म्हणजे जंतुसंसर्ग. तो पुढे दवाखान्यात आठ दिवसांत आटोक्यात आला.

गणपतीत त्यांच्याकडे गेले होते. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या बावीस पायऱ्या आहेत. काकी खालून येताना दिसल्या. पायरीवर पाय टाकताना फुंकर, दोन्ही पाय टेकले की उभं राहून नाकानं श्वास, मग पुढची पायरी. मध्ये एकदाच कठड्याला टेकल्या. न्हाणीच्या चुलीवर आता हीटरची बादली होती. वर आल्यावर मुलानं सवयीनं त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. 91. तो माझ्याकडे बघून हसला आणि आईसाठी पाणी आणायला आत गेला.