बर्किट लिम्फोमा : युगांडा व मलावीतील निदान आणि उपचार

लसिका संस्थेतील बी-पेशींपासून (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून) होणारा, अतिशय वेगाने वाढणारा कर्करोग. आफ्रिकेत विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, मलेरिया बारमाही असलेल्या पट्ट्यात तो विशेषेकरून लहान मुलांना होतो. रोगी बहुधा ४ ते १० वर्षांचा. गाठीतील पेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, म्हणून आठवडाभराचा उशीरही या रोगात जिवावर बेततो.

युगांडाची राजधानी कंपाला येथील मुलागो रुग्णालयातील शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांना १९५७ साली जबड्याच्या चारही भागांत गाठी असलेले एक मूल दिसले. १९५८ मध्ये त्यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये दोन सहकारी डॉक्टरांसह मोटारीने सुमारे १०,००० मैलांची रपेट करून, वाटेतल्या रुग्णालयांत असे रोगी येतात का, याची त्यांनी नोंद केली. उंच, थंड आणि कोरड्या मुलखात रोग जवळजवळ नव्हताच. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान ऐकून संशोधक अँथनी एप्स्टाइन यांनी गाठींचे नमुने कंपालाहून विमानाने मागवले. त्यांतूनच १९६४ मध्ये एप्स्टाइन, अचाँग व बार यांना एप्स्टाइन-बार विषाणू सापडला. माणसातील कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला तो पहिला विषाणू.

हा विषाणू जगभर बहुतेक सर्वांना होतो. नुसत्या त्याने हा कर्करोग होत नाही. वारंवारच्या मलेरियाने बी-पेशी सतत वाढीला लागतात आणि विषाणूवरचा प्रतिकारशक्तीचा धाक सुटतो. अशा वेळी ८ व १४ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाले, की ‘मिक’ नावाचे जनुक बेलगाम होते आणि पेशी वाढतच राहते.

पहिली खूण पुष्कळदा साधी वाटते : दात हलू लागतात, गाल सुजतो. दाढेचा गळू समजून दात काढले जातात, प्रतिजैविके दिली जातात, त्यात आठवडे जातात. काही मुलांचा डोळा पुढे येतो, काहींचे पोट फुगते, मज्जारज्जूवर दाब आल्यास पाय लुळे पडतात. निदानासाठी बारीक सुईने गाठीतील पेशी काढून गिम्सा रंगाने रंगवतात. गडद निळ्या पेशीद्रव्यात पारदर्शक बारीक पोकळ्या दिसल्या, तर जाणकाराला त्याच दिवशी संशय पक्का करता येतो. ऊतीचा तुकडा तपासणे अधिक खात्रीचे, पण नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत मूल हातचे जाऊ शकते. पोटाची सोनोग्राफी, अस्थिमज्जा व पाठीतील पाण्याची तपासणी आणि एचआयव्ही चाचणी करून रोग किती पसरला हे ठरवतात. मलेरिया व जंत असल्यास त्यांचेही औषध आधी सुरू करतात.

उपचाराचा कणा म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, स्वस्त औषध. १९६७ मध्ये कंपालात लिम्फोमा उपचार केंद्र सुरू झाले. त्यातूनच पुढे युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली. अमेरिकी डॉक्टर जॉन झिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे या औषधाने कित्येक मुलांच्या गाठी विरघळवल्या. १९७२ मध्ये इदी अमीनच्या राजवटीत अमेरिकी डॉक्टर मायदेशी परतले, तेव्हा युगांडाचे डॉक्टर चार्ल्स ओल्वेनी यांनी अपुऱ्या साधनांनिशी संस्था चालू ठेवली. त्यांच्या या कामाचे मोल फार मोठे आहे.

मलावी व कॅमेरूनमध्ये वापरलेल्या साध्या पद्धतीत १ल्या, ८व्या व १५व्या दिवशी दर किलो वजनामागे ४० मिग्रॅ. सायक्लोफॉस्फामाइड देतात, १८ किलोच्या मुलाला ७२० मिग्रॅ. सोबत पाठीच्या कण्यातून १२.५ मिग्रॅ. मेथोट्रेक्सेट हे कर्करोगावरील दुसरे औषध व हायड्रोकॉर्टिसोन देतात. हे मेथोट्रेक्सेट परिरक्षक नसलेलेच हवे. ज्या पद्धतींत शिरेतून द्यायचे व्हिन्क्रिस्टिन हे औषधही असते, तेथे त्याची सिरिंज कण्यातील इंजेक्शनाच्या टेबलावर कधीही ठेवत नाहीत. ते चुकून कण्यात गेले तर बहुधा मृत्यूच ओढवतो.

खरा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो. गाठ झपाट्याने फुटते आणि तिच्यातले पोटॅशियम, फॉस्फेट व यूरिक आम्ल रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडतात. म्हणून औषधाच्या किमान एक दिवस आधी सलाईन आणि दर किलोमागे रोज १० मिग्रॅ. अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करतात. सलाईन दिवसाला दर चौ.मी. शरीरपृष्ठामागे ३ लिटर, म्हणजे वरील मुलाला सव्वादोन लिटर. पोटॅशियम असल्याने रिंगर लॅक्टेट हे शिरेतून द्यायचे दुसरे द्रावण येथे चालत नाही. लघवी मापाच्या भांड्यात धरून तासाला ७५ मिलि.च्या आसपास होते की नाही, हे रात्रीही पाहावे लागते. अ‍ॅलोप्युरिनॉल नवे यूरिक आम्ल होऊ देत नाही, पण आधीचे घालवत नाही. ते घालवणारे रॅसब्युरिकेज फार महाग असल्याने तेथे सहसा मिळत नाही. त्यामुळे या मुलांचा भरवसा पाण्यावर आणि जागत्या परिचारिकेवर असतो.

श्रीमंत देशांत या रोगाची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. वरील साध्या पद्धतीने वर्षभर रोगमुक्त राहणारी मुले निम्म्याच्या आसपास असतात. मग तिकडचीच जहाल औषधे द्यावीत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु कुपोषित मुलाच्या पांढऱ्या पेशी घसरल्यावर जंतुसंसर्ग आवरायला रक्तपेढी, रक्तसंवर्धन (रक्तातील जंतू ओळखण्याची तपासणी) आणि अतिदक्षता विभाग लागतो. तो नसताना मात्रा वाढवली तर कर्करोगाऐवजी उपचारानेच मुले दगावतात. आधी रक्त, प्रतिजैविके व परिचारिका, मग मात्रा, हाच क्रम योग्य.

उपचार अर्धवट सुटणे हे अपयशाचे आणखी एक मोठे कारण. पहिल्या इंजेक्शनानंतर आठवड्यात गाल बसतो, मूल जेवू लागते. घरी बाकीची भावंडे असतात, शेत पेरणीला आलेले असते, बसभाडे संपलेले असते. आई मुलाला घेऊन गावी जाते. प्रवासखर्च, रुग्णालयाजवळ मोफत मुक्काम, पालकांचे जेवण आणि चुकलेल्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी फोन यांवरचा खर्च म्हणूनच औषधाइतकाच उपचाराचा भाग मानावा लागतो.

रोग उलटतो तो बहुधा पहिल्या वर्षातच. त्यामुळे या काळात दर महिन्याला जबडा, पोट व पाय तपासतात. रोग उशिरा उलटला, तर पुन्हा सायक्लोफॉस्फामाइड देऊन काही मुले वाचवता येतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांतच गाठ परतली, तर ती शक्यता फार कमी असते.