जबाबदार व्यवसायाचे प्रमाणन

एखादा कारखाना, कंपनी किंवा उत्पादकांची संस्था आपले काम करताना कामगारांना, आजूबाजूच्या वस्तीला आणि हवा-पाणी-जमिनीला कसे वागवते, हे ठरलेल्या निकषांवर बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेणे आणि तसे प्रमाणपत्र मिळवणे, याला जबाबदार व्यवसायाचे प्रमाणन म्हणतात. निकष लिहिणारी ती मानक संस्था, प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणारी ती प्रमाणन संस्था, आणि तपासणीला सामोरा जातो तो व्यवसाय. प्रमाणन संस्था स्वतः या कामाला पात्र आहे का, हे आणखी एक संस्था पाहते. त्याला अधिस्वीकृती म्हणतात.

नफ्यातला काही वाटा शाळा-दवाखान्यांना देणे ही देणगी झाली. प्रमाणनात प्रश्न असतो तो नफा आला कुठून आणि कसा, याचा. तसेच कंपनीने वेष्टनावर आपणहून हिरवे पान छापले म्हणून ते प्रमाणन होत नाही. अशा चिन्हामागे निकषही नसतात आणि तपासणाराही नसतो. पर्यावरणाचा असा वरवरचा मुलामा देण्याला ग्रीनवॉशिंग म्हणतात. प्रमाणनाचा जन्मच मुळी असा मुलामा आणि खरे काम यांत ग्राहकाला फरक करता यावा म्हणून झाला.

वाटचाल

सुरुवात वस्तूपासून झाली. जर्मनीने १९७८ मध्ये ‘ब्लू एंजल’ हे चिन्ह आणले. त्याच प्रकारच्या इतर वस्तूंपेक्षा पर्यावरणाला कमी त्रासदायक असलेल्या वस्तूला ते मिळे. वस्तू बनवणाऱ्याच्या हाती काय पडते, हा प्रश्न त्यात नव्हता. तो १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये पुढे आला. मेक्सिकोतील लहान कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडून किमान दराची हमी देऊन घेतलेली कॉफी ‘मॅक्स हॅवेलार’ या चिन्हाखाली साध्या दुकानांत विकायला आली. आजच्या फेअरट्रेड चळवळीचे मूळ तिथे आहे. निरनिराळ्या देशांतील अशा संस्था १९९७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय छत्राखाली आल्या.

जंगलांच्या बाबतीत सरकारांना जमले नाही ते खासगी पुढाकाराने करून पाहिले गेले. रिओ येथील १९९२ च्या वसुंधरा परिषदेत जंगलांविषयी बंधनकारक करार होऊ शकला नाही. पुढच्याच वर्षी फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, स्थापन झाली. तिची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सभासदांची पर्यावरणीय, सामाजिक आणि आर्थिक अशी तीन सभागृहे आहेत आणि तिघांच्या मतांचे वजन सारखे आहे. लाकूड कंपन्या संख्येने कितीही वाढल्या तरी एकट्याच्या बळावर निकष सैल करू शकत नाहीत.

गालिच्यांच्या धंद्यातील बालमजुरीविरुद्ध १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने ‘रगमार्क’ सुरू झाले. त्याचेच नाव पुढे ‘गुडवीव्ह’ झाले. यातली युक्ती साधी आणि भक्कम होती. प्रत्येक गालिच्याच्या पट्टीवर क्रमांक असे, आणि त्या क्रमांकावरून गालिचा कोणत्या मागावर विणला ते शोधता येई. तपासनीस न कळवता मागापाशी जाऊन उभे राहत.

त्यानंतर तपासणी वस्तूकडून कारखान्याच्या कारभाराकडे वळली. आंतरराष्ट्रीय मानके लिहिणाऱ्या आयएसओ या संस्थेचे पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ १४००१ हे मानक १९९६ मध्ये आले, कामगारांच्या हक्कांचे एसए ८००० हे १९९७ मध्ये. संपूर्ण कंपनीलाच कसोटीला लावणारे बी कॉर्प प्रमाणन २००७ पासून दिले जाऊ लागले.

निकषांतील फरक

ही सगळी प्रमाणपत्रे एकाच चौकटीत भिंतीवर लागतात, म्हणून ती एकसारखी वाटतात. तसे नाही. आयएसओ १४००१ घ्या. सांडपाण्यात अमुक इतकेच प्रदूषक असावे, असे हे मानक सांगत नाही. आपल्या कामाचे पर्यावरणावर होणारे परिणाम ओळखा, लागू कायदे पाळण्याची बांधिलकी घ्या, उद्दिष्टे ठरवा, मोजा, सुधारा, अशी शिस्त ते मागते. म्हणून हे प्रमाणपत्र असलेल्या दोन कारखान्यांच्या नाल्यांतील पाणी अगदी वेगळे असू शकते. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्थांचे आहे. सामाजिक जबाबदारीवरचे तिचे आयएसओ २६००० हे २०१० चे मानक तर नुसते मार्गदर्शक आहे. त्याचे प्रमाणपत्र असल्याचा दावा कोणी केला तर तो चुकीचा आहे.

एसए ८००० मात्र आकडे सांगते. नेहमीचा आठवडा ४८ तासांहून जास्त नको, ओव्हरटाइम स्वेच्छेचा हवा आणि आठवड्याला १२ तासांच्या आत हवा, सलग सहा दिवसांच्या कामानंतर एक सुट्टी हवी. बालमजुरी, सक्तीचे काम, भेदभाव, शिक्षेचे प्रकार, संघटनेचा हक्क आणि वेतन यांच्याही अटी त्यात आहेत.

लाकूड, कापूस, पामतेल यांसारख्या मालात अडचण वेगळी असते. माल दहा हातांतून जातो. प्रमाणित जंगलातील ओंडका कागद होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर वेगळा राखला गेला, की दुसऱ्यात मिसळला, याचा हिशेब ठेवावा लागतो. त्याला ताबासाखळी म्हणता येईल. काही योजना प्रमाणित व साधा माल एकत्र करू देतात आणि फक्त एकूण वजनाचा ताळेबंद पाहतात.

तपासणीचा दिवस

कंपनीने अर्ज आणि आत्मपरीक्षण पाठवले की कागद तपासले जातात, मग ऑडिटर जागेवर येतात. सकाळी व्यवस्थापनाबरोबर बैठक होते, नंतर शेडमधून फेरी. बाहेर पडायचे दरवाजे आतून ढकलल्यावर उघडतात का, आग विझवण्याच्या नळकांड्यांवर भरल्याची तारीख कोणती, रसायनांच्या पिंपांवर नावे आहेत का, सांडपाण्याचा पाइप खरोखर प्रक्रिया केंद्रातच जातो का, हे डोळ्यांनी पाहायचे असते. पण निष्णात ऑडिटरचा खरा कस हजेरीपट आणि पगारपत्रकापुढे लागतो.

दुहेरी वह्या हा या क्षेत्रातील जुना रोग आहे. एक मस्टर दाखवायचा, एक खरा. तो पकडायला ऑडिटर अशा कागदाकडे वळतो, जो खोटा लिहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनची सुई मोडली की तिचे तुकडे गोळा करून, तारीख-वेळ टाकून वहीत चिकटवतात, कारण मोडका तुकडा कपड्यात राहून गेला तर घालणाऱ्याला इजा होते. मस्टर म्हणतो रविवारी कारखाना बंद होता. मोडक्या सुयांच्या वहीत मात्र रविवारी रात्री साडेदहाला सुई मोडल्याची नोंद असते. त्या एका ओळीने महिनाभराचा खोटा हजेरीपट उघडा पडतो. मालाच्या गेटपासवरून आणि वीजमीटरच्या नोंदींवरूनही असेच ताडता येते.

कामगारांशी बोलणे सुपरवायझरपासून दूर व्हायला हवे, आणि कोणाशी बोलायचे ते ऑडिटरने निवडायला हवे. ज्या कामगाराला काय बोलायचे ते आधी पढवले आहे, तो नेमके तेच आणि त्याच शब्दांत सांगतो. हे ओळखू येते, पण त्यासाठी वेळ लागतो. आणि दीड-दोन दिवसांच्या तपासणीत तोच सर्वांत आधी संपतो. सापडलेल्या उणिवा गंभीर आणि किरकोळ अशा विभागल्या जातात. गंभीर उणीव दूर झाल्याखेरीज प्रमाणपत्र देता येत नाही. किरकोळीसाठी मुदत आणि सुधारणेचा आराखडा चालतो. प्रमाणपत्र बहुधा तीन वर्षांचे असते आणि मधल्या काळात देखरेखीच्या तपासण्या होतात.

बी कॉर्प

जे कोएन गिल्बर्ट, बार्ट हुलाहान आणि अँड्र्यू कॅसॉय यांनी २००६ मध्ये अमेरिकेत बी लॅब ही ना-नफा संस्था काढली. पहिले दोघे आधी बास्केटबॉलच्या बुटांची ‘अँड वन’ ही कंपनी चालवत होते. कंपनी विकली गेल्यावर तिथे जपलेल्या चांगल्या पद्धती मागे पडताना त्यांनी पाहिल्या. मालक बदलला तरी वचन टिकावे कसे, हा प्रश्न बी कॉर्पच्या मुळाशी आहे, आणि म्हणूनच हे प्रमाणन कंपनीच्या घटनेलाच हात घालते. प्रमाणित कंपनीला आपल्या कायदेशीर दस्तऐवजात लिहून द्यावे लागते की संचालक निर्णय घेताना भागधारकांबरोबरच कामगार, समाज आणि पर्यावरण यांचाही विचार करतील. त्याला आधार म्हणून कायदेही झाले: अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०१० मध्ये पहिला केला, इटलीने २०१५ मध्ये.

या अटीला धार आहे. हस्तकलेच्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या आणि २०१५ मध्ये शेअर बाजारात उतरलेल्या एट्सीने आपल्या दस्तऐवजात हा बदल केला नाही आणि २०१७ मध्ये प्रमाणपत्र सोडले. उलट भटकंतीचे कपडे बनवणारी पॅटागोनिया २०११ च्या अखेरीस प्रमाणित झाली आणि २०१२ च्या जानेवारीत नव्या कायद्याखाली नोंदणी करणारी कॅलिफोर्नियातील पहिली कंपनी ठरली.

सुरुवातीच्या पद्धतीत कारभार, कामगार, समाज, पर्यावरण आणि ग्राहक या पाच विभागांत मिळून २०० गुणांची प्रश्नावली असे आणि ८० गुणांना उत्तीर्ण धरत. यात एक उघड खोट होती. एका विभागात भरघोस गुण मिळवून दुसऱ्यातील दुबळेपणा झाकता येई. २०२२ मध्ये नेस्ले समूहातील नेस्प्रेसो या कॉफी कंपनीला प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा प्रमाणित कंपन्यांपैकीच काहींनी जाहीर हरकत घेतली. २०२५ मध्ये डॉ. ब्रॉनर्स या साबण बनवणाऱ्या कंपनीने मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना दिलेल्या प्रमाणपत्रांवर बोट ठेवून आपले प्रमाणपत्र सोडत असल्याचे जाहीर केले. ही कंपनी गुणांच्या यादीत सर्वांत वरच्यांपैकी होती, म्हणून तिचे जाणे झोंबणारे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या नव्या निकषांत गुणांची बेरीज रद्द झाली. आता हवामान, मानवी हक्क, न्याय्य काम अशा सात विषयांपैकी प्रत्येकात किमान अट पुरी करावी लागते. हा बदल व्हायला हवा होता आणि तो फार उशिरा झाला, असेच म्हणावे लागते.

तपासणाऱ्याला पैसे कोण देतो

बहुतेक योजनांत प्रमाणन संस्था निवडते ती कंपनी आणि तिचे शुल्क भरते तीही कंपनीच. कडक ऑडिटर पुढच्या वर्षी बोलावला जात नाही. या व्यवस्थेचा परिणाम मोजणारा एक नामांकित प्रयोग गुजरातमध्ये झाला. तो ऐच्छिक प्रमाणपत्रांचा नव्हता. कायद्याने सक्तीच्या असलेल्या पर्यावरण लेखापरीक्षणाचा होता, पण प्रश्न तोच. एस्थर डफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांचे हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत ऑडिटरांनी धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने ७ टक्के दाखवले; प्रत्यक्ष मोजले तर ते ५९ टक्के निघाले. मग काही कारखान्यांपुरती व्यवस्था बदलली. ऑडिटर चिठ्ठी काढावी तसा नेमला, शुल्क सामायिक निधीतून ठरावीक दराने दिले, काही मोजमापे दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतली. तेच ऑडिटर खरे आकडे लिहू लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. इतका स्पष्ट पुरावा हाती असूनही बहुतांश प्रमाणन जुन्याच पद्धतीने चालते, हे या क्षेत्राचे सर्वांत मोठे अपयश आहे.

त्याची किंमत कामगारांनी जिवाने मोजली आहे. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला २०१२ च्या ऑगस्टमध्ये एसए ८००० मिळाले. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. आग मुद्दाम लावली होती, असा निकाल पुढे तिथल्या न्यायालयाने दिला. पण खिडक्यांना गज आणि दरवाजे बंद नसते, तर इतकी माणसे आत अडकली नसती. आणि नेमके दरवाजे पाहणे हेच तर ऑडिटरचे काम होते. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक लोक मरण पावले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकाने बंद झाली, शिलाई कामगारांना मात्र परत बोलावले गेले. त्या इमारतीतील काही कारखान्यांचे सामाजिक ऑडिट झालेले होते. इमारतीचे खांब पाहणे त्या ऑडिटच्या कक्षेतच नव्हते.

राणा प्लाझानंतर महिन्याभरात वेगळ्या वाटेचा करार झाला. बांगलादेश अकॉर्डमध्ये ब्रँड कंपन्या आणि कामगार संघटना यांनी बरोबरीने सही केली. तो कायद्याने बंधनकारक होता, अभियंत्यांच्या तपासणीचे अहवाल कारखान्यावार जाहीर होत, आणि ब्रँडने शब्द मोडला तर संघटनेला लवादाकडे जाता येई. हे प्रमाणपत्र नाही. पण प्रमाणनात जे उणे राहते, म्हणजे उघड अहवाल आणि कामगाराच्या हातातला अधिकार, ते यात होते.

लहान उत्पादक आणि कायदा

छोट्या शेतकऱ्याला किंवा कारागिराला शुल्काइतकाच कागदांचा भार जड जातो. त्याचे व्यवहार कदाचित स्वच्छच असतात, पण नोंदी नसतात. गट करून एकत्र प्रमाणन घेण्याची सोय फेअरट्रेड, एफएससी अशा योजनांत आहे: गट अंतर्गत तपासणी ठेवतो आणि बाहेरचा ऑडिटर त्यातले नमुने पाहतो.

कायदाही आता या क्षेत्रात उतरला आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेला निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होण्याचे ठरले. त्यानुसार प्रमाणन योजनेचा किंवा सार्वजनिक संस्थेचा आधार नसलेली शाश्वततेची चिन्हे, तसेच पुराव्याविना ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम दावे यांना बंदी आहे.

प्रमाणपत्र वाचताना

प्रमाणपत्रावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य बहुधा बारीक अक्षरात असते: व्याप्ती. ते संपूर्ण कंपनीला आहे, एका कारखान्याला, की मुख्य कार्यालयाच्या इमारतीला, हे तिथे कळते. त्याखाली मानकाचे नाव व आवृत्ती, प्रमाणन संस्था, अधिस्वीकृतीचे चिन्ह, क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. एफएससी, बी लॅब यांसारख्या संस्था प्रमाणितांची यादी सर्वांसाठी खुली ठेवतात. तिथे तो क्रमांक किंवा कंपनीचे नाव टाकून पाहता येते आणि निलंबन झाले असेल तर तेही बहुधा तिथेच दिसते.