ओलांडची फेरी : मध्यरात्रीच्या थांब्यामागचा इतिहास

संध्याकाळी स्टॉकहोमहून फिनलंडच्या तुर्कूला निघालेली फेरीबोट मध्यरात्र उलटल्यावर ओलांड बेटांवरच्या लोंगनेस नावाच्या एका धक्क्याला लागते. आजूबाजूला गाव म्हणावं असं काही नाही. खडक, पाइनची झाडं आणि धक्क्यावरचे दिवे, एवढंच. थोड्या गाड्या आणि मालमोटारी उतरतात, काही चढतात आणि काही मिनिटांत बोट पुन्हा समुद्रात असते. बहुतेक प्रवासी तेव्हा केबिनमध्ये गाढ झोपलेले असतात. दोन-अडीच हजार माणसं घेऊन जाणारी एवढी मोठी बोट अशा आडजागी, अशा वेळी का थांबते, याचं उत्तर वेळापत्रकात सापडत नाही. त्यासाठी जवळजवळ चारशे वर्षं मागं जावं लागतं.

ओलांड हा स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधला द्वीपसमूह, बोथनियाच्या आखाताच्या तोंडाशी पसरलेला. लहानमोठी बेटं साडेसहा हजारांच्या वर, त्यातल्या जेमतेम साठेक बेटांवर माणसांची वस्ती. एकूण लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास आणि त्यातले दहातले नऊ जण मुख्य बेटावर राहणारे. देश फिनलंड, पण भाषा स्वीडिश. हिमयुगात बर्फाच्या ओझ्यानं दबलेली इथली जमीन अजूनही दर शतकाला अर्ध्या मीटरहून अधिक वर येते आहे. त्यामुळे नवे खडक पाण्याबाहेर डोकावतात आणि जुन्या खाड्या उथळ होत जातात. बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नसतेच. गाड्या चढवणाऱ्या बोटींना ही फार मोठी सोय आहे, कारण धक्का आणि बोटीचा दरवाजा यांची उंची दिवसभर जुळलेली राहते.

स्वीडनचं साम्राज्य बाल्टिकच्या दोन्ही काठांवर पसरलं होतं, तेव्हा फिनलंड हा त्याचा पूर्वेकडचा प्रांत होता. स्टॉकहोमची फर्मानं तुर्कूपर्यंत पोचवण्यासाठी १६३८ मध्ये ओलांडवरून नियमित टपालमार्ग सुरू झाला. स्वीडनच्या किनाऱ्यावरचं ग्रिसलेहाम्न आणि ओलांडच्या पश्चिम टोकाचं एकरो यांच्यामध्ये साधारण चाळीस किलोमीटरचा उघडा समुद्र आहे. तो ओलांडायची जबाबदारी सरकारनं कोणा दर्यावर्दी कंपनीला दिली नाही. वाटेवरच्या शेतकऱ्यांवरच ती टाकली. मोबदल्यात त्यांना सैन्यभरतीतून आणि काही करांतून सूट मिळाली.

सूट ऐकायला बरी वाटते, पण काम जीवघेणं होतं. उन्हाळ्यात उघड्या होडीतून शीड आणि वल्ही मारत जायचं. खरी परीक्षा असायची ती हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला, जेव्हा बर्फ माणसाचा भार पेलेल इतका जाड नसतो आणि होडी फिरेल इतकं पाणीही मोकळं नसतं. मग होडी बर्फावरून ओढायची, बर्फ फुटला की होडीत उडी घ्यायची, थोडं वल्हवायचं आणि पुन्हा ओढायला लागायचं. अनेक माणसं यात गेली. बुडणारे हे लोक पेशानं शेतकरी होते आणि त्यांच्यामागं घरी जनावरं नि बायकामुलं होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाफेच्या बोटी आल्यानंतरही ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकून होती. १९७४ पासून त्यांच्या स्मरणार्थ दर उन्हाळ्यात याच पट्ट्यात जुन्या धाटणीच्या होड्यांची शर्यत होते.

या समुद्रातून सीमारेषा गेली ती १८०९ मध्ये. त्या वर्षीच्या मार्चमध्ये रशियन सैन्य गोठलेल्या समुद्रावरून चालत ओलांडवर आलं. कुल्नेव्ह या सेनानीचे कोसॅक घोडेस्वार तर बर्फावरून थेट ग्रिसलेहाम्नपर्यंत पोचले. सप्टेंबरच्या तहात स्वीडननं फिनलंड सोडला आणि त्याबरोबर ओलांडही गेलं. एका रात्रीत एकरो हे गाव रशियन साम्राज्याचं पश्चिम टोक बनलं. तिथं रशियानं १८२८ मध्ये एक भव्य टपाल आणि जकात कचेरी बांधली. तिच्या आराखड्यात कार्ल लुडविग एंगेलचा हात होता, म्हणजे हेलसिंकीच्या मध्यवर्ती चौकातल्या इमारती उभ्या करणाऱ्या वास्तुशिल्पकाराचा. मासेमारांच्या वस्तीत उभी असलेली ती लांबलचक इमारत आजही आपल्या जागी आहे. पश्चिमेकडून येणाऱ्याला पहिल्याच पावलाला साम्राज्याचा दबदबा जाणवावा, हाच तिचा हेतू होता.

मुख्य बेटाच्या पूर्वेला बोमारसुंड इथं रशियानं १८३२ पासून मोठा किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच क्रिमियन युद्ध पेटलं. ऑगस्ट १८५४ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी तो काबीज केला आणि सुरुंग लावून उडवून दिला. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक ज्या सर्वांत जुन्या पराक्रमासाठी दिलं गेलं, तो पराक्रम इथलाच. जून १८५४ मध्ये चार्ल्स लुकास या तरुण नौदल अधिकाऱ्यानं आपल्या जहाजाच्या डेकवर पडलेला जळता तोफगोळा उचलून समुद्रात फेकला होता. आजच्या फेरीच्या दृष्टीनं मात्र १८५६ चा करार अधिक मोलाचा. त्यानुसार ओलांडवर पुन्हा लष्करी तटबंदी करायला मनाई झाली. किल्ल्याबरोबर त्याच्या आश्रयानं वसलेलं गावही संपलं होतं. त्यानंतर १८६१ मध्ये एका चिंचोळ्या भूशिरावर, दोन्ही बाजूंना बंदर मिळेल अशा जागी, नवं शहर वसवण्यात आलं. झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या राणीवरून त्याचं नाव पडलं मारिएहाम्न.

ओलांडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या गलबतांतून सरपण, मासे आणि लोणी स्टॉकहोमला विकायला नेत असत. बाल्टिकबाहेरचा व्यापार त्यांना खुला झाला तसे ते महासागरात उतरले. विसाव्या शतकात सारं जग वाफेच्या नि डिझेलच्या जहाजांकडे वळलं, तेव्हा मारिएहाम्नचे गुस्ताफ एरिक्सन मोडीत निघालेली शिडाची प्रचंड जहाजं स्वस्तात विकत घेत राहिले. ऑस्ट्रेलियाचा गहू ती केप हॉर्नला वळसा घालून युरोपात आणत. अशी शेवटची सफर १९४९ मध्ये झाली. त्यांच्यापैकी ‘पोमर्न’ हे १९०३ सालचं चार डोलकाठ्यांचं जहाज मारिएहाम्नच्या पश्चिम बंदरात संग्रहालय म्हणून जपलं आहे. फेरीबोटी लागतात त्या जागेपासून ते अगदी जवळ आहे. फेरीच्या काळात या छोट्या गावातून मोठमोठ्या जहाज कंपन्या का निघाल्या, याचं कोडं इथं सुटतं. कप्तान, सुतार, विमा, भांडवल आणि समुद्राचं ज्ञान हे सगळं गावात आधीपासूनच होतं.

पहिल्या महायुद्धात रशियानं करार मोडून बेटांवर तोफा चढवल्या. साम्राज्य कोसळू लागलं तसे ऑगस्ट १९१७ मध्ये ओलांडच्या गावांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि आम्हाला स्वीडनमध्ये परत जायचं आहे, असं त्यांनी ठरवलं. त्या मागणीवर सात हजारांहून अधिक प्रौढांनी सह्या केल्या. एवढ्या लहान बेटांसाठी हा आकडा फार मोठा आहे. नुकताच स्वतंत्र झालेला फिनलंड मात्र बेटं सोडायला तयार नव्हता. चळवळीचे नेते जुलियस सुंडब्लुम आणि कार्ल ब्यॉर्कमन यांना १९२० मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. प्रकरण नव्यानं जन्मलेल्या राष्ट्रसंघाकडे गेलं आणि जून १९२१ मध्ये निकाल लागला. बेटं फिनलंडचीच राहतील, पण तिथल्या लोकांची स्वीडिश भाषा, शाळा आणि जमीन यांना संरक्षण मिळेल, असा तो होता. त्याच वर्षी दहा देशांनी करार करून बेटांना तटस्थ प्रदेश ठरवलं. ९ जून १९२२ रोजी ओलांडची विधानसभा पहिल्यांदा भरली. अध्यक्षपदी बसले तेच सुंडब्लुम.

लोकांना हवं होतं ते त्यांना मिळालं नाही, पण जे मिळालं ते त्यांनी नीट वापरलं. सीमारेषा होती तिथंच राहिली, तरी पलीकडे नातेवाईक, बाजार आणि विद्यापीठ असलेल्या लोकांना तो समुद्र रोज ओलांडावाच लागणार होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर तो ओलांडणं सोपं झालं. १९५० च्या दशकात नॉर्डिक देशांनी आपापल्या नागरिकांना एकमेकांकडे पासपोर्टशिवाय प्रवास आणि परवान्याशिवाय नोकरी करायला मुभा दिली. स्वीडनच्या कारखान्यांना माणसं हवी होती आणि फिनलंडमध्ये काम कमी होतं, त्यामुळे लाखो फिनिश लोक पश्चिमेला गेले. सुट्टीत ते गावी यायचे आणि आता त्यांच्याकडे मोटारगाडी असायची. पण गाडी न्यायची तर ती क्रेननं उचलून जहाजात ठेवावी लागे. गुनार एकलुंड या ओलांडच्या कप्तानाला यात धंदा दिसला. इंग्लिश खाडीत चाललेली एक जुनी वाफेची फेरी घेऊन १९५९ मध्ये ‘वायकिंग’ या नावानं त्यांनी ती सुरू केली. मार्ग होता फिनलंडच्या कोर्पो बेटावरून मारिएहाम्नमार्गे स्वीडनच्या ग्रेड्डोला. १९६१ मध्ये एकरो-ग्रिसलेहाम्न या जुन्या टपालमार्गावरही फेरी कंपनी उभी राहिली. त्या कंपनीची बोट आजही तिथंच चालते आणि दोन तासांत पलीकडे पोचवते. १९६६ मध्ये तीन छोट्या कंपन्यांनी मिळून ‘वायकिंग लाइन’ हे एक नाव आणि लाल रंग घेतला. समोर पांढऱ्या बोटींची ‘सिल्या’ ही बड्या, जुन्या कंपन्यांची आघाडी होती. पुढची वीस-पंचवीस वर्षं या दोघांची चढाओढ चालली आणि दर काही वर्षांनी आधीच्यापेक्षा मोठी बोट पाण्यात उतरत गेली.

या चढाओढीला इंधन पुरवलं ते करमुक्त दुकानांनी. स्वीडन आणि फिनलंड या दोन्ही देशांत दारूविक्री सरकारी मक्तेदारीत आहे आणि कर जबर. आंतरराष्ट्रीय पाण्यात बोटीवर तीच बाटली बरीच स्वस्त मिळे. तिकिटाचे दर नाममात्र ठेवायचे आणि पैसा दुकान, जेवण नि बारमधून उभा करायचा, असं सारं गणित बसलं. कुठंही न उतरता परत येणाऱ्या चोवीस तासांच्या सफरी याच गणितातून निघाल्या. यावर नाकं मुरडणारे आहेत, पण मला ते पटत नाही. त्या विक्रीवरच बेटांवरच्या विद्यार्थ्याचं, रुग्णाचं आणि दुकानदाराचं वर्षभराचं दळणवळण चालत आलं आहे.

म्हणूनच १९९० च्या दशकात युरोपीय संघाचा प्रश्न आला, तेव्हा ओलांड खडबडून जागं झालं. फिनलंड संघात गेला तर संघांतर्गत प्रवासातली करमुक्त विक्री आज ना उद्या बंद होणार, हे दिसत होतं. नोव्हेंबर १९९४ मध्ये ओलांडनं स्वतःचं वेगळं सार्वमत घेतलं. लोकांनी होकार दिला, पण अटीसह. फिनलंडच्या प्रवेशकराराला ओलांडसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडलं गेलं. त्यानुसार बेटं संघात असली तरी मूल्यवर्धित कर आणि उत्पादन शुल्क यांच्या सामायिक क्षेत्राबाहेर राहिली. तिथल्या अर्थव्यवस्थेचा टिकाव हे कारण त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

१ जुलै १९९९ पासून युरोपीय संघात देशादेशांमधली करमुक्त विक्री थांबली. स्टॉकहोम-हेलसिंकी किंवा स्टॉकहोम-तुर्कू अशी थेट जाणारी बोट आता करमुक्त माल विकू शकत नव्हती. वाटेत ओलांडला धक्का लागला तर मात्र ती करक्षेत्राबाहेर जाऊन आली असं धरलं जातं आणि दुकान उघडं राहतं. एकमेकींशी झगडणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या बोटी तेव्हापासून मारिएहाम्न किंवा लोंगनेसला थांबू लागल्या, मग रात्रीचे तीन वाजलेले का असेनात.

ओलांडकरांना या सवलतीची किंमत मोजावी लागते. स्वतःच्याच देशातून मागवलेल्या पार्सललाही करसीमा ओलांडावी लागते आणि कागदपत्रं करावी लागतात. छोट्या व्यापाऱ्यांची त्याबद्दल कायमची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

या पाण्याच्या इतिहासात २८ सप्टेंबर १९९४ ची रात्र वगळता येत नाही. टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ वादळात पुढचा दरवाजा तुटून बुडाली आणि ८५२ माणसं गेली. ती ओलांडची फेरी नव्हती, पण मदतीला सर्वांत आधी पोचली ती वायकिंग लाइनची ‘मारिएला’. त्या काळातल्या बऱ्याच मोठ्या बोटींना तसाच दरवाजा होता. त्यानंतर दरवाजांची रचना बदलली आणि गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं तरी बोट तरंगती राहावी यासाठी कडक नियम आले.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या, प्रवासी नाहीसे झाले आणि दुकानाच्या कमाईवर उभं असलेलं गणित कोसळलं. बेटांवर औषधं आणि अन्न पोचत राहावं म्हणून फिनलंड सरकारला काही मार्गांवरच्या बोटींना सरळ पैसे द्यावे लागले. ओलांडच्या लाडक्या ‘बिर्का’ कंपनीनं त्याच वर्षी गाशा गुंडाळला.

मोठ्या बोटींनी मुख्य बेटाचा प्रश्न सुटतो. फोग्लो, सोत्तुंगा, कुमलिंगे, ब्रेन्डो, शोकर या बाहेरच्या बेटांचा सुटत नाही. त्यांच्यासाठी प्रांतिक सरकार छोट्या फेऱ्या चालवतं. स्विनोहून देगरबीला जाणारी फोग्लोची फेरी अर्ध्या तासाची, तर दक्षिणेचा मार्ग लोंगनेसहून सोत्तुंगा आणि शोकर करत थेट कोर्पोच्या गाल्टबीला पोचणारा, काही तासांचा. सोत्तुंगात जेमतेम शंभर माणसं राहतात आणि तरीही तो स्वतंत्र नगरपालिका असलेला फिनलंडमधला सर्वांत छोटा गाव आहे. स्टॉकहोम किंवा हेलसिंकीत नोकरीनिमित्त राहिलेली मराठी कुटुंबं मोठ्या बोटीची सफर हमखास करतात. त्यांनी जमलं तर एकदा या छोट्या फेऱ्यांवरही जावं, कारण मोठ्या बोटीच्या खिडकीतून नुसते दिसणारे हे बेटांवरचे लोक तिथं शेजारच्या बाकावर बसलेले असतात.

या छोट्या फेऱ्यांचा खर्च प्रांताच्या अंदाजपत्रकात फार जड जातो. फोग्लोला बोगदा खणावा की पूल बांधावा, लांबचे मार्ग तोडून आखूड करावेत का, यावर ओलांडच्या विधानसभेत वर्षानुवर्षं वाद चालू आहे. योजना मंजूर होतात, पुढच्या निवडणुकीनंतर गुंडाळल्या जातात आणि पुन्हा बाहेर काढल्या जातात. मारिएहाम्नमधल्या प्रांतिक सरकारला पैसे वाचवायचे आहेत आणि शोकरच्या लोकांना आपली बोट हवी आहे.