स्टीलच्या टोपीचा बूट बोटं कापतो का?

‘सेफ्टी बुटावर जड वस्तू पडली तर आतली स्टीलची टोपी वाकून बोटं छाटते, त्यापेक्षा साधा बूट बरा’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पायाची भीती कुणालाही वाटेल, पण हिशेब करून पाहू.

आंतरराष्ट्रीय मानक २०३४५ नुसार टोपीला २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे २० किलोचं वजन साधारण १ मीटरवरून पडणं. त्यानंतरही टोपीखाली ठरावीक जागा उरावी लागते. ४२ नंबरच्या बुटात १४ मिलिमीटर. शिवाय सावकाश वाढत जाणारा १५ किलोन्यूटन दाब, म्हणजे अंदाजे दीड टनाचा भार, वेगळा तपासतात. टोपी घुमटासारखी असते आणि तिची कड तळाकडे टेकलेली असते. त्यामुळे ती पात्यासारखी दुमडत नाही, चपटी होत जाते. ती पार चेपेल एवढा भार साध्या बुटात तर बोटांचा चुराच करेल.

बूट घेताना जिभेवर किंवा आत मानकाचा क्रमांक पाहा. कामाचे मोजे घालून उकिडवं बसा. बोटं टोपीला टेकली तर मोठा नंबर घ्या (खरी तक्रार बहुधा इथेच असते). आणि जबर मार बसलेला बूट, वरून धड दिसला तरी, बदलायचा.