पुनरुत्थान: श्रद्धा आणि इतिहास यांची गाठ कुठे पडते

येशूच्या पुनरुत्थानाला, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठण्याला, इतिहासाचा आधार आहे का, हा प्रश्न नास्तिकांनी उकरून काढलेला नाही. तो ख्रिस्ती धर्माने स्वतःच ओढवून घेतला आहे. करिंथच्या मंडळीला इ.स. 53 ते 55 च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल म्हणतो की, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. पुढे मतांगिकारातही, म्हणजे श्रद्धा जाहीर करण्यासाठी म्हटल्या जाणाऱ्या मजकुरातही, पंतय पिलाताचे नाव आले. हा रोमन अधिकारी इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा कारभार पाहत होता आणि त्याचे नाव कोरलेला दगड 1961 मध्ये कैसरियाला सापडला. प्रार्थनेत एका सरकारी अंमलदाराचे नाव घ्यायचे म्हणजे श्रद्धेला तारीख चिकटवणेच झाले.

पुरावा तपासताना पहिली गफलत होते ती नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, क्रमामुळे. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही येशूचे जीवन सांगणारी चार शुभवर्तमाने आधी छापलेली असतात, म्हणून तीच जुनी वाटतात. प्रत्यक्षात पौलाची पत्रे त्यांच्या आधीची आहेत, आणि त्याच 15 व्या अध्यायातला ओवी 3 पासूनचा मजकूर तर पत्राहूनही जुना आहे. ‘मला जे मिळाले तेच मी तुम्हांला दिले’ असे म्हणून पौल तो सांगतो. ‘मिळाले’ आणि ‘दिले’ ही गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या पाठाची भाषा आहे. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, एवढा तो आटोपशीर पाठ. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, येशूचा अनुयायी झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमात पेत्राकडे 15 दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. वधस्तंभाची घटना साधारण 30 किंवा 33 ची धरली जाते. त्यामुळे हा पाठ घटनेनंतर काही वर्षांतच तयार झाला असावा, हे श्रद्धा न ठेवणारे अनेक अभ्यासकही मान्य करतात. ‘दंतकथा बनायला शतके लागली’ हा आक्षेप इथे टिकत नाही.

पण या पाठावर किती भार टाकायचा? त्यात रिकाम्या कबरेचा स्पष्ट उल्लेख नाही, स्त्रियाही नाहीत. ‘पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला’ हे वाक्य पाचशे साक्षी म्हणून मिरवले जाते. ती साक्ष मात्र एकच आहे, पाचशे जणांविषयीची. त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असे पौल म्हणतो, पण कोणाचे नाव वा ठिकाण देत नाही.

मार्कचे शुभवर्तमान इ.स. 70 च्या आसपासचे. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही महत्त्वाच्या हस्तलिखितांत ते 16 व्या अध्यायाच्या 8 व्या ओवीलाच संपते: स्त्रिया कबरेपासून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. ओव्या 9 ते 20 नंतर जोडल्या गेल्या. मत्तयात शिष्यांची भेट गालीलात होते, तर लूकमध्ये सारे यरुशलेम परिसरात घडते. कबरेशी गेलेल्या स्त्रिया मार्कमध्ये तीन, मत्तयात दोन, आणि योहानात मरीया मग्दालीया एकटीच पुढे येते. ही वर्णने शिवून एकच गोष्ट करायची, की तफावतीवरून सगळी फेकून द्यायची? दोन्ही वाटा सोप्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या. तपशील भिडत नसले तरी कबर रिकामी मिळाली, ती आधी स्त्रियांना, हा गाभा चारही ठिकाणी आहे.

‘रचलेली कथा असती तर स्त्रियांना साक्षीदार कोणी केले असते?’ हा युक्तिवाद फार लाडका आहे. त्यात तथ्य आहे. स्त्रियांची साक्ष घेऊ नये असे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो आणि दुसऱ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ सेल्ससने याच मुद्द्यावर ख्रिस्त्यांची टर उडवली. पण प्रेताला सुगंधी द्रव्ये लावणे आणि कबरेपाशी शोक करणे हे मुख्यतः स्त्रियांचे काम होते. कथेला त्या तिथे हव्याच होत्या, एवढे वजन या युक्तिवादातून वजा करावे लागते.

दुसरा मुद्दा यहुदी विचारविश्वाचा. मेलेले पुन्हा उठतील ही कल्पना जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात ठळकपणे येते. यहुद्यांमधल्या दोन पंथांपैकी परुशी ती मानत, सदूकी नाकारत. पण ते उठणे जगाच्या अंती, सर्वांचे एकदम. एकटाच आधी उठला, हे कोणाच्या अपेक्षेत नव्हते, म्हणून शिष्यांनी ते कल्पनेने रचले नसावे, असे म्हटले जाते. मात्र मार्कच्या 6 व्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान मेलेल्यांतून उठला अशी वदंता गालीलचा शासक हेरोद याच्या कानी येते. म्हणजे एकट्याच्या उठण्याची भाषा लोकांच्या तोंडी अगदीच नव्हती असे नाही.

वधस्तंभावर मारलेल्यांना रोमन पुरूच देत नसत, या आक्षेपाला 1968 मध्ये धक्का बसला. यरुशलेमजवळच्या एका कबरीत येहोहानान नावाच्या माणसाचे टाचेचे हाड खिळ्यासकट सापडले. असे दफन शक्य होते, एवढेच त्यावरून ठरते. रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताच्या हातून झालेला मृत्युदंड नोंदवतो, पुनरुत्थानाबद्दल काही बोलत नाही. जोसेफसच्या ग्रंथातला येशूविषयीचा परिच्छेद ख्रिस्ती हातांनी फिरवलेला आहे, त्यामुळे तोही इथे उपयोगी पडत नाही.

आधुनिक वाद 18 व्या शतकात पेटला. शिष्यांनी प्रेत पळवले, असे मांडणारे जर्मन विद्वान रायमारसचे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर जर्मन लेखक लेसिंगने 1774 पासून छापले. इतिहासातल्या योगायोगी सत्यांवर बुद्धीची अटळ सत्ये उभी राहू शकत नाहीत, मधला खंदक मला ओलांडता येत नाही, असे लेसिंगने 1777 मध्ये लिहिले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ श्ट्राउसने 1835 मध्ये फसवणूक आणि मूर्च्छा (येशू मेला नव्हता, बेशुद्ध होता) ही दोन्ही स्पष्टीकरणे बाजूला सारून मिथक हा तिसरा मार्ग काढला. कबरेतून अर्धमेला रांगत आलेला माणूस मृत्यूचा विजेता कसा वाटेल, हा त्याचा सवाल मूर्च्छेच्या तर्काला अजून जड जातो. 20 व्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञांपैकी बुल्टमानने पुनरुत्थानाची घटना शिष्यांच्या श्रद्धेच्या उदयात पाहिली, तर पॅननबर्गने पुनरुत्थान पुन्हा इतिहासाच्या कक्षेत आणले.

आणि 1977 मध्ये पिन्खास लापिडे या यहुदी अभ्यासकाने येशूचे पुनरुत्थान ही खरी घडलेली घटना असल्याचे मान्य केले. येशू यहुद्यांचा मसीहा, म्हणजे वचन दिलेला तारणहार, आहे, हे मात्र त्याने मानले नाही आणि तो यहुदीच राहिला.